साताऱ्याची वकिली, सांगलीचा संसार

महाराष्ट्र आणि गोवा बार काउन्सिलची सनद हातात पडली की राज्यातल्या कुठल्याही कोर्टात उभं राहता येतं. सनदेवर साताऱ्याचा वकील, सांगलीचा वकील असं काही लिहिलेलं नसतं. पण जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा, वकिली गावावर चालते. कोणता पक्षकार कुणाच्या ओळखीनं आला, त्याच्या भावकीत कोण कुणाशी बोलत नाही, नक्कल विभागात अर्ज कधी दिला म्हणजे नक्कल वेळेत हातात येते, कोणत्या कोर्टात आधी कुठल्या कामांचा पुकारा होतो, हे वर्षानुवर्षं त्याच आवारात वावरून कळतं. हे भांडवल उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. आणि लग्नानंतर गाव बदलतं ते बहुतेक घरांत मुलीचं.

कोरेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली मुलगी साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजातून, म्हणजे रयत शिक्षण संस्थेच्या विधी महाविद्यालयातून, वकील झाली. जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ दिवाणी वकिलांकडे ज्युनिअर म्हणून बसू लागली. पहिली वर्षं तिनं तेच केलं जे सगळे ज्युनिअर करतात. तारखा घेतल्या, रोजनामे पाहिले, मुदतीचे अर्ज लिहिले, पुरशिस दिल्या, सीनिअरांच्या मागे उभं राहून उलटतपास ऐकले. मग स्वतःच्या नावाची वकीलपत्रं येऊ लागली. माहेरच्या पट्ट्यातली माणसं ‘आपली पोरगी कोर्टात आहे’ म्हणून बांधाचे, वाटणीचे, रस्त्याचे दावे घेऊन येऊ लागली. बायका आल्या तर दारातच थांबून आधी आत कोण बसलंय ते पाहायच्या आणि मग मोकळ्या व्हायच्या. याच सुमारास तिचं लग्न ठरलं. घर सांगलीत, नवरा मिरजेच्या एका महाविद्यालयात शिकवणारा.

सातारा ते सांगली अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एके काळी सांगलीकडचा बराचसा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. विटा-तासगावकडच्या जुन्या खरेदीखतांत ‘जिल्हा सातारा’ असा उल्लेख आजही सापडतो. जमिनीची कागदपत्रं दोन्हीकडे सारख्याच वळणाची, ऊसही तोच, कृष्णाही तीच. तरीही वकिलीच्या दृष्टीनं तो दुसरा देश होता.

सांगलीच्या कोर्टात तिला पहिल्यांदा विचारलं गेलं ते, “कुणाकडे बसता?” साताऱ्यात स्वतंत्र कामं करू लागलेली बाई इथे पुन्हा ज्युनिअर झाली. ज्यांच्याकडे बसली ते वकील भले होते, त्यांनी कामही दिलं. पण पक्षकार त्यांचे होते, फी त्यांना मिळायची, त्यातला वाटा ते द्यायचे. साताऱ्यात राहिलेल्या फायलींचं काय करायचं हा प्रश्न निराळाच. दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो. तो अर्ध्यावर दुसऱ्या वकिलाकडे द्यायचा तर पक्षकाराची समजूत घालावी लागते आणि ना-हरकत देऊन नवं वकीलपत्र दाखल करावं लागतं. वाटपाच्या काही दाव्यांतल्या बायकांनी सरळ सांगितलं, “वकीलबाई, तुम्हीच या. दुसऱ्यापुढं आमचं तोंड उघडत नाही.” ती त्या तारखांना पहाटेच्या एसटीनं साताऱ्याला जाऊ लागली. कधी पुकारा व्हायचा, कधी साक्षीदारच यायचा नाही आणि पुढची तारीख घेऊन परतावं लागायचं. पोटात मूल वाढू लागलं तेव्हा हा प्रवास थांबवावा लागला आणि त्या फायली एकेक करून हातातून गेल्या. त्यातल्या एका दाव्याचा हुकूमनामा पुढे तिच्या पक्षकार बहिणींच्या बाजूनं झाला. बहिणींनी तिला फोन करून कळवलं. निकालपत्रात वकिलाचं नाव मात्र दुसरं होतं.

या पेशाची रचना नीट पाहिली तर अडचण कुठे आहे ते दिसतं. वकिली करणाऱ्यांचा कायदा, म्हणजे ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ चा. प्रसूती लाभाचा मूळ अधिनियमही १९६१ चाच. एकाच वर्षी झालेल्या या दोन कायद्यांची एकमेकांशी गाठ मात्र कधी पडली नाही. प्रसूतीच्या पगारी रजेचा हक्क नोकरीत असलेल्या स्त्रीला आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची केली. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारीही टाकली. वकील मात्र कुणाचाच कर्मचारी नसतो. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४९ वा नियम वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करू देत नाही. पेशा स्वतंत्र राहावा म्हणून हा नियम आहे आणि त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण त्यातून हेही ठरतं की कोर्टाच्या आवारात रोज शेकडो वकील वावरत असले तरी ५० कर्मचाऱ्यांच्या हिशेबात त्यांतला एकही धरला जात नाही. पगार नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, रजा नाही. मूल झालं की त्या महिन्यापासून उत्पन्न थांबतं. पुन्हा सुरू होतं ते कोर्टात परतल्यावर, आणि तेही उरलेल्या पक्षकारांच्या जिवावर.

तिच्या बाबतीत सीनिअरांच्या ऑफिसनं तारखा सांभाळल्या. ही सवलत कुठल्याही नियमानं दिलेली नव्हती, माणसाच्या भलेपणानं मिळालेली होती. दुसऱ्या ऑफिसात दुसरं काही झालं असतं. तिच्या ओळखीतल्या एक वकीलबाई बाळंतपणानंतर परत आल्या तेव्हा ‘आता तुम्हाला जमणार नाही’ असं ठरवून त्यांची टेबलाची जागा दुसऱ्याला दिली गेली होती. त्यांनी वकिली सोडून कागद टाइप करण्याचं काम धरलं. कायदा शिकलेल्या किती बायका अशा बाजूला होत असतील याची नोंद कुठल्याही रोजनाम्यात होत नाही, कारण त्या काढल्या जात नाहीत. त्या येणं बंद करतात.

मूल लहान असताना तिचे दिवस कसे जात होते ते सविस्तर सांगायला हवं, कारण ‘घर आणि करिअरचा समतोल’ असं भाषणात म्हणताना त्या दिवसांचा तपशील वगळला जातो.

कोर्ट अकराच्या सुमारास बसतं, म्हणून लोकांना वाटतं की सकाळ मोकळी असते. प्रत्यक्षात पक्षकार तालुक्याच्या गावांहून पहिल्या एसटीनं येतात आणि नऊ वाजता दारात असतात. त्यांच्याशी बोलायचं, साक्षीदाराला काय विचारलं जाईल ते समजावायचं, प्रतिज्ञापत्रावर सही घ्यायची. त्याच वेळी घरात डबे भरायचे असतात, मुलीची वेणी घालायची असते, शाळेची रिक्षा आलेली असते. कोर्ट सुटल्यावर दुसरी पाळी. संध्याकाळी ऑफिस, कारण शेतकरी आणि व्यापारी पक्षकाराला तीच वेळ सोयीची. हळदीच्या पेठेतला व्यापारी धनादेश न वटल्याची तक्रार घेऊन येतो तो दिवसाचे सौदे उरकूनच. उद्याच्या बोर्डावरच्या फायली काढायच्या, उलटतपासाचे प्रश्न काढायचे, हे सगळ्यांची जेवणं झाल्यावर. उलटतपासाची तयारी तुकड्यातुकड्यांत होत नाही. साक्षीदाराच्या सरतपासातलं वाक्य, सातबाऱ्यावरची नोंद आणि त्याच्या जुन्या अर्जातलं विधान, तिन्ही एका वेळी डोक्यात असावी लागतात. मधे कुणी “आई, माझी वही कुठे आहे?” असं विचारलं की धागा तुटतो आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते.

रविवारही स्वतःचा नसतो. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं आणि त्या २४ तासांना वार माहीत नसतो. शनिवारी रात्री कुणाच्या तरी मुलाला पोलिसांनी उचललं की रविवारी रिमांडच्या कोर्टात उभं राहावं लागतं. फौजदारी कामं घेणाऱ्या प्रत्येक घरानं अर्धवट सोडलेली जेवणं आणि अर्ध्यावर टाकलेली हळदीकुंकवं पाहिली आहेत.

मूल आजारी पडतं तेव्हा काय होतं? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशात तहकुबीचे नियम आहेत. कामं रेंगाळू नयेत म्हणून ते कडक केलेले आहेत. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, असं त्यात आहे. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतला आहे हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही. वकील आजारी असेल तरी पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमणं शक्य नव्हतं अशी खात्री पटल्याशिवाय न्यायालयानं तहकुबी देऊ नये, असं संहिता सांगते. वर्षानुवर्षं ताटकळणाऱ्या पक्षकाराच्या बाजूनं पाहिलं तर हे योग्यच आहे आणि तीही तसंच मानते. तिच्या पक्षकारांत नांदत्या घरातून बाहेर काढलेल्या बायका आहेत. समोरच्या वकिलानं घेतलेली प्रत्येक तारीख त्यांना पोटगीशिवायचा आणखी एक महिना दाखवते. तहकुबीच्या अर्जात ‘मुलीला ताप आहे’ असं लिहावं का, यावर महिला वकिलांत दोन मतं आहेत. काही जणी ‘वैयक्तिक अडचण’ एवढंच लिहितात, कारण खरं कारण लिहिलं की पुढच्या वेळी पक्षकार पुरुष वकिलाकडे जाईल अशी भीती असते. ती खरं कारण लिहिते. मुलाचा ताप ही लपवण्यासारखी गोष्ट आहे असं आपणच मानलं तर दुसरं कोण वेगळं मानणार, असं तिचं म्हणणं आहे, आणि ते पटण्यासारखं आहे.

काही मुदती तर न्यायाधीशांच्याही हातात नसतात. धनादेश परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. पुढची तक्रार दाखल करायला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, नोटिशीचा उशीर मात्र माफ करण्याची सोय कायद्यात नाही. अशा नोटिशीचा शेवटचा दिवस आणि शाळेचं स्नेहसंमेलन एकाच दिवशी आलं तेव्हा सासूबाई संमेलनाला गेल्या आणि ती पोस्टात. “अगं, तू जा. मी बसते पहिल्या रांगेत,” असं म्हणून सासूबाई खरोखरच पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. स्वतः फारशा न शिकलेल्या या बाईंनी सुनेच्या वकिलीला जो आधार दिला त्याला तोड नाही. त्या नसत्या तर सांगलीतली वकिली पहिल्या बाळंतपणालाच संपली असती, हे ती कुणापुढेही सांगते. मात्र इथेच एक गोष्ट टोचते. एका बाईचा पेशा चालण्यासाठी दुसऱ्या बाईचं म्हातारपण कामाला लागतं, आणि ज्या घरात अशी सासू किंवा आई नाही तिथल्या मुलीनं काय करायचं याचं उत्तर कुणाकडे नसतं.

घराच्या आधारावर उभी राहिलेली वकिली या भागाला नवी नाही, फक्त पूर्वी वकील पुरुष असायचा. वाड्याच्या ओसरीवर गादी, शेजारी कारकून, आणि आत चुलीवर पक्षकारांसाठी सतत चहाचं आधण. लांबून आलेला पक्षकार जेवूनच जायचा. त्या जेवणाचा हिशेब फीमध्ये कधी धरला गेला नाही.

कृष्णाकाठच्या एका सुप्रसिद्ध घरात कोर्ट, राजकारण आणि संसार यांची ओढाताण फार तीव्र झाली होती. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्रे इथला, म्हणजे तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातला. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. ते गेले तेव्हा यशवंतराव अगदी लहान होते आणि आई विठाईंनी मुलं वाढवली. बेलिफाचा हा मुलगा १९४१ साली वकील झाला आणि कराडला वकिली करू लागला. २ जून १९४२ ला फलटणच्या मोरे घराण्यातल्या वेणूताईंशी लग्न झालं. दोन महिन्यांत ‘छोडो भारत’ची हाक आली आणि ते भूमिगत झाले. नवा संसार, नवी वकिली दोन्ही मागे पडलं. जानेवारी १९४३ मध्ये पोलिसांनी वेणूताईंना पकडलं. त्याच वर्षी आजारी वेणूताईंना भेटायला यशवंतराव फलटणला गेले आणि तिथे त्यांना अटक झाली. तो काळ वेगळा, कारणही फार मोठं, आणि आजच्या कोर्टातल्या दगदगीशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही. पण पुरुषाच्या सार्वजनिक आयुष्याची किंमत घरातल्या बाईनं किती चुकवली हे सांगताना आपण ती तळटीप म्हणून सांगतो. वेणूताईंच्या वाट्याला आलेलं आजारपण आणि तुरुंग ही तळटीप नव्हती.

बायकांना या देशात वकिलीचा दरवाजा कायद्यानं उघडला तो १९२३ साली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकून १८९२ साली तिथली परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या, पण मायदेशात वकील म्हणून रीतसर उभं राहण्यासाठी त्यांना तीन दशकं थांबावं लागलं. आज साताऱ्यातच पाहायचं तर ॲड. वर्षा देशपांडे यांचं काम समोर आहे. १९९० साली त्यांनी दलित महिला विकास मंडळ सुरू केलं. पुढे लेक लाडकी अभियानातून गर्भलिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांवर सापळे लावून खटले उभे केले. २०२५ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. साताऱ्यात ज्युनिअरकी करणाऱ्या मुलींना त्यांचं नाव ऐकतच मोठं होता आलं, ही गोष्ट लहान नाही. घरच्यांना पटवताना अशा एका नावाचा उपयोग होतो.

आता नातेवाइकांविषयी. घरात वकील असणं म्हणजे सगळ्या भावकीला फुकटचा सल्ला, अशी समजूत सातारा-सांगलीत पक्की आहे. लग्नाच्या मांडवात कुणीतरी सातबारा उलगडून बसतो. तेवढं हसून निभावता येतं. अवघड होतं ते पक्षकारानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट नात्यातल्याच माणसाविषयी निघते तेव्हा. वकिलाला ती गोष्ट फोडता येत नाही, तसं कायद्याचंच बंधन आहे. सांगली काही फार मोठं शहर नव्हे. ज्या घरातल्या भांडणाचे कागद दुपारी वाचले त्याच घरातल्या वाढदिवसाला रात्री जायचं आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हा भार नवऱ्यालाही वाटून देता येत नाही. तिचे यजमान समजूतदार आहेत. संध्याकाळी ती गप्प असली की कारण न विचारता कुकर लावतात.

आणि एकदा प्रश्न स्वतःच्याच दारात आला. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. २०२० साली विनिता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क जन्मानंच मिळतो, वडील २००५ साली हयात असण्याची अट नाही, असं स्पष्ट केलं. तिच्या ऑफिसात या हक्कासाठी बहिणी येतात आणि ‘भावाचं दार बंद होईल’ या भीतीनं हक्कसोड पत्रावर सही करून बसलेल्या बहिणीही येतात. तिचे वडील गेल्यावर तिच्या भावानंही हक्कसोड पत्र पुढे केलं, “ताई, सही तेवढी कर. बँकेचं कर्ज काढायचंय.” भाऊ लबाड नव्हता. जमीन तोच कसत होता, आईला तोच सांभाळत होता. कोर्टात दुसऱ्या बहिणींसाठी ती जे बोलत होती ते स्वतःच्या घरात बोलायचं की नाही, यावर तिनं बरेच दिवस विचार केला. शेवटी तिनं सही केली नाही आणि दावाही लावला नाही. आईच्या हयातीत आईचं आणि आपलं नाव सातबाऱ्यावर राहील, पीक भावाचं, कर्जाला संमती देऊ, असं ठरलं. आणि हे समजावून सांगायला तिनं कोरेगावच्या एका दुसऱ्या वकिलांना बसवलं, कारण भावाला त्याच्या बाजूचा सल्ला मिळायला हवा होता. पुढची एक दिवाळी जरा अवघडलेली गेली, मग सगळं सुरळीत झालं. माहेर जपण्यासाठी हक्क सोडावाच लागतो असं नाही, हे तिला पक्षकारांना आता अधिकारानं सांगता येतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराची आठवण सांगलीतलं कुणीच विसरणार नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिचं ऑफिस घराच्याच तळमजल्यावर. पाणी चढू लागलं तेव्हा घरात काय आधी उचलायचं हा प्रश्न होता. धान्याची कोठी, मुलीची पुस्तकं, टीव्ही, की फायली? फायलींत लोकांची मूळ खरेदीखतं होती, मृत्युपत्रं होती, जुन्या हुकूमनाम्यांच्या नकला होत्या. नवरा सासूबाईंना आणि मुलीला घेऊन मिरजेला नातेवाइकांकडे गेला. शेजारच्या पोरांनी रांग लावून फायलींचे गठ्ठे वरच्या मजल्यावर नेले. फ्रीज आणि कोठी खालीच राहिली आणि गेली. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना सासूबाईंनी एक शब्दही काढला नाही, उलट येईल त्याला सांगत राहिल्या की लोकांचे कागद वाचले. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं तेव्हा मूळ कागद पक्षकारांना परत देऊन फक्त छायाप्रती ठेवायची पद्धत तिनं आधीच लावलेली होती.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. विसेक वर्षं तोंडात बसलेली कलमं एका रात्रीत बदलली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८, सासरच्या छळाचं ४९८-अ आता ८५ आणि ८६. जुन्या गुन्ह्यांना जुना कायदा, नव्यांना नवा, म्हणजे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवायचे. त्या पावसाळ्यात जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मुलगी शाळेचा अभ्यास करायची आणि दुसऱ्या बाजूला आई तक्ते करून कलमं पाठ करायची. मुलगी आईला कलमं विचारायची, चुकलं की पुन्हा म्हणायला लावायची. दिवसभराच्या धावपळीत मायलेकींना एकत्र मिळालेला तो सर्वांत निवांत वेळ होता.

सहा जिल्ह्यांतले वकील चाळीसहून अधिक वर्षं ज्यासाठी झगडले ते मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची कामं तिथे चालू लागली. त्याआधी उच्च न्यायालय म्हणजे मुंबई. अपिलाची माहिती तिथल्या वकिलांना समजावून द्यायची तर रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघायचं, दिवसभर काम करायचं आणि पुन्हा रात्रीच्या गाडीनं परत. दोन रात्री घराबाहेर. त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या बहुतेक महिला वकिलांनी उच्च न्यायालयाचं काम स्वतः करण्याचा विचारच केला नव्हता. पक्षकाराला चिठ्ठी द्यायची आणि फाइल मुंबईला पाठवायची. सांगलीहून कोल्हापूर ५० किलोमीटरच्या आसपास. सकाळी जाऊन संध्याकाळी मुलीच्या क्लासच्या वेळेला घरी येता येतं. स्वतः लढवलेल्या दाव्याचं अपील स्वतः उभं राहून चालवण्याची संधी या बायकांना पहिल्यांदाच मिळते आहे. बेंचच्या सत्काराच्या भाषणांत पक्षकारांच्या वाचलेल्या खर्चाचा उल्लेख झाला आणि तो व्हायलाच हवा. या बदलाचा अर्थ महिला वकिलांसाठी काय आहे, हेही तितक्याच मोठ्यानं सांगितलं पाहिजे.

मात्र नव्या मुलींपुढचा रस्ता एका बाजूनं लांबलाही आहे. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान ३ वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली. न्यायाधीशाला कोर्टाचा अनुभव हवा हे खरंच आहे. पण खेड्यातून आलेल्या मुलीची ही तीन वर्षं नेमकी लग्नाच्या वयात येतात आणि ज्युनिअरच्या हातात या काळात जेमतेम प्रवासखर्च पडतो. ‘परीक्षा देऊन टाक, मग लग्नाचं बघू’ असं म्हणणारे बापही आता अस्वस्थ आहेत. तिच्या ऑफिसात तासगाव आणि जतकडच्या दोन मुली बसतात. त्यांना ती ठरावीक रक्कम दर महिन्याला देते, वकीलपत्रावर आपल्या नावासोबत त्यांचीही नावं घालते आणि साक्षीपुराव्यात स्वतः बाजूला बसून त्यांना उभं करते. एखादीचं लग्न ठरलं तर तिच्या सासरच्या तालुक्यातल्या महिला वकिलांना आधीच फोन करायचा, हेही तिनं ठरवून टाकलं आहे. कराड, इस्लामपूर, विटा, सातारा, सगळीकडे तिच्या ओळखी आहेत.

कोर्टाच्या आवारात दार लावून बाळाला पाजता येईल अशी खोली आणि लहान मुलांसाठी पाळणाघर असावं, आणि ते वकील, कर्मचारी, पक्षकार सगळ्या बायकांना खुलं असावं, ही मागणी ती बाररूममध्ये दर वेळी मांडते. साक्षीला आलेली, कडेवर मूल घेऊन व्हरांड्यात दिवसभर उभी असलेली बाई दाखवून मांडते. लहान मूल असलेल्या वकिलाच्या साक्षीपुराव्याला दुपारच्या सत्राची ठरावीक वेळ मिळावी, ही दुसरी मागणी. तरुण पुरुष वकीलही आता तिच्या बाजूनं बोलू लागले आहेत, कारण त्यांच्या बायका नोकरी करतात आणि शाळेतून मुलाला आणायची पाळी त्यांच्यावरही येते. कोल्हापूरला तिचं पहिलं अपील दाखल झालं आहे. वहिवाटीच्या रस्त्याचा दावा आहे, पक्षकार शिराळ्याकडची एक विधवा शेतकरी. तारखेच्या दिवशी मुलीला क्लासला नवरा सोडणार, आणायला सासूबाई रिक्षानं जाणार, आणि खालच्या कोर्टातल्या त्या दिवशीच्या तारखा जतची मुलगी पाहणार.